गाऱ्हाण्यातून प्रश्न, प्रश्नातून प्रबंध : कोकणात राहून उपयोजित अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरणात पीएच.डी. कशी करावी

दरवर्षी जून उजाडला की दोन-चार मुलं-मुली भेटायला येतात. एम.ए. झालेलं असतं, एखाद्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असतात आणि मागणी एकच असते: “मॅडम, पीएच.डी.साठी विषय सुचवा.” मी विषय सुचवत नाही. प्रबंधाला पाच-सहा वर्षं सहज जातात आणि दुसऱ्याने दिलेला विषय दुसऱ्या पावसाळ्यातच जड होतो. त्याऐवजी मी त्यांच्याशी बसून जे बोलते, ते इथे सविस्तर लिहिते. मी स्वतः कॉलेजात शिकवत, अर्धवेळ नोंदणी करून, आंब्याच्या फळपीक विम्यावर काम केलं. त्यामुळे उदाहरणं त्या बाजूला झुकतील, पण वाट मासेमारीच्या, पर्यटनाच्या किंवा शाळांच्या अभ्यासालाही हीच आहे.

पहिली पायरी : गाऱ्हाणं नीट ऐकणं

कोकणात गाऱ्हाणं देवापुढे घालतात, ग्रामसभेत घालतात, तहसीलदारापुढेही घालतात. “विम्याचे पैसे आमच्याकडे आले नाहीत, पलीकडच्या गावाला मात्र मिळाले.” “एलईडीचे दिवे लावून मासे धरणारे रात्री सगळी मासळी ओढून नेतात.” “सातबारावर चाळीस नावं, योजनेचा अर्ज करायचा कसा?” उपयोजित अर्थशास्त्राचं बी यातच असतं. मात्र गाऱ्हाणं म्हणजे संशोधनाचा प्रश्न नव्हे. गाऱ्हाण्यात कोण दुखावलं ते कळतं. प्रश्नात कोणत्या निर्णयामुळे, कोणाच्या तुलनेत आणि किती, हे विचारलेलं असतं.

‘कोकणातील मत्स्यव्यवसाय : एक आर्थिक अभ्यास’ हा विषय झाला. त्यावर तीनशे पानं भरतील आणि शेवटी हाती काही लागणार नाही. ‘राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन (माशांचा थवा चहूबाजूंनी वेढणारं मोठं जाळं) मासेमारीवर निर्बंध घातले, त्यानंतर छोट्या होड्यांच्या बंदरांवर बांगड्याची आवक आणि खलाशाच्या वाट्याला येणारे पैसे बदलले का?’ हा प्रश्न झाला. त्यात निर्णय आहे, तारीख आहे, ज्यांच्यावर परिणाम व्हायला हवा ते लोक आहेत आणि मोजायची गोष्ट आहे.

प्रश्न तयार झाला की मी एकच कसोटी लावते. उत्तर ‘हो’ आलं तर मत्स्य आयुक्तालय किंवा कृषी विभाग काय करेल आणि ‘नाही’ आलं तर काय करेल, हे दोन वाक्यांत लिहून पाहा. दोन्ही वाक्यं सारखीच आली तर तो प्रश्न सोडून द्या, कितीही आवडता असला तरी.

आपल्या भागात असे प्रश्न पावलोपावली आहेत. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गचीही घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. म्हणजे पुरुष मुंबईला आणि घर, शेत, म्हातारी माणसं बाईच्या अंगावर. या घरांसाठी रोजगार हमीचं काम, रेशन, आरोग्य उपकेंद्र यांची आखणी कशी असावी, यावर नेमकं काम अजून खूप करता येईल. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग लागवड योजना आली आणि वरकस डोंगरांवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. त्या कलमांनी कोणत्या कुटुंबांचं स्थलांतर थांबवलं आणि कोणाचं नाही? हा प्रश्न मला आजही खुणावतो.

या परंपरेचा अभिमानही बाळगावा. आंबडवे हे मंडणगड तालुक्यातलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. त्यांना १९२३ मध्ये मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी आणि कोलंबियातला त्यांचा प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. त्याच अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती (कोकणातली महसूलवसुलीची मध्यस्थ पद्धत) रद्द करण्याचं विधेयक मांडलं. सार्वजनिक धोरणाचा अभ्यास म्हणजे काय, हे आपल्या मातीतल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं आहे.

दुसरी पायरी : विद्यापीठ, मार्गदर्शक आणि नियम

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची बहुतेक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे नोकरी करणारे बहुधा तिथेच नोंदणी करतात. पूर्णवेळ करणार असाल आणि गणिताची भीती नसेल तर गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, आयआयटी मुंबईतलं धोरण अभ्यास केंद्र यांचे दरवाजे आधी ठोठवा. तळकोकणातल्यांना गोवा विद्यापीठ जवळ पडतं. शेतीच्या अर्थशास्त्रासाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, पण तिथली पात्रता कृषी पदवीधरांना धरून असते, हे आधी पाहून घ्या.

नियमांचा पाया म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी. विनियम. ते मुळातून वाचा, कुणी सांगितलं त्यावर विसंबू नका. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा: दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्के सूट. मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात आणि स्त्रियांना व दिव्यांगांना त्यावरही दोन. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ही रजा मागताना संकोच करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ती हक्काची आहे, लेखी मागा. कोर्सवर्क (संशोधनाच्या सुरुवातीचे वर्ग) किमान १२ श्रेयांकांचं असतं आणि दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही जुनी सक्ती या विनियमांत नाही, तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम तपासा.

जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. फेलोशिप न मिळता फक्त प्रवेशासाठी पात्र ठरलात तर नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि ते गुण एक वर्षच चालतात. म्हणजे निकाल लागल्यावर मार्गदर्शक शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो.

अर्धवेळ करणाऱ्यांनी संस्थेचं ना-हरकत पत्र अर्जाच्या आधी हातात घ्यावं. कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. माझ्या पत्रात दुसरं वाक्य नव्हतं. कोर्सवर्कच्या वेळी रजेसाठी मला तीन महिने खेटे घालावे लागले.

मार्गदर्शकाबाबत दोन तपासण्या आवर्जून करा. एक, निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही आणि प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार एवढीच मर्यादा आहे. जागा आहे का ते सरळ विचारा. दोन, शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडा आणि पद्धतीचं प्रकरण वाचा. सगळीकडे टक्केवारीचे तक्ते आणि काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींत संबंध आहे का एवढंच सांगणारी) एवढंच दिसलं, तर कार्यकारणाचा प्रश्न घेऊन तिथे जाऊ नका. मग माणूस कितीही मायाळू असो.

तिसरी पायरी : पैसे

जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,००० रुपये, शिवाय नियमाने घरभाडे. वयाची अट आहे, तीही पाहा. ती नाही मिळाली तरी राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी महाज्योती. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचीही डॉक्टरेट फेलोशिप असते. जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअरचे कागद आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते.

चौथी पायरी : आधी असलेले आकडे पाहा

सर्वेक्षणाला निघण्याआधी सहा महिने तयार आकडेवारीत घालवा. सांख्यिकी मंत्रालय राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या कुटुंबनिहाय फाइल्स मोफत देतं. त्यात श्रमबल सर्वेक्षण आहे, २०२२-२३ आणि २०२३-२४ चं उपभोग खर्च सर्वेक्षण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) जिल्हानिहाय मिळते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ जिल्हा कार्यालयात मिळतं आणि वरवर साधं दिसलं तरी फार उपयोगी असतं. मासळीसाठी केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे आवकीचे अंदाज आणि मच्छीमार गावांची गणना, बाजारभावांसाठी ॲगमार्कनेट.

इथे कोकणाचे तीन खास सापळे आहेत आणि तिन्हीत मी पाय घातलेला आहे.

पहिला सापळा ‘किनारी महाराष्ट्र’ नावाचा. नमुना सर्वेक्षणातल्या या विभागात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर मुंबई आणि ठाणेही आहेत. विभागाची सरासरी काढून तिला ‘कोकणाचं उत्पन्न’ म्हटलंत तर ते उत्पन्न दादर-अंधेरीचं असतं. जिल्ह्याचा कोड वेगळा काढा. पण मग जिल्ह्यातली नमुना कुटुंबं मोजकीच उरतात आणि अंदाजाची त्रुटी फार रुंद होते, तेही लिहा. श्रमबल सर्वेक्षणाने जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा मूळ घटक धरला आहे, त्यामुळे पुढच्या अभ्यासकांना थोडा दिलासा आहे.

दुसरा सापळा नकाशाचा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीपासून वेगळा झाला, कुलाब्याचा रायगड त्याच वर्षी झाला, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला. जुनी मालिका नव्या जिल्ह्यांना जोडताना तालुकानिहाय बेरीज करूनच जोडावी लागते.

तिसरा सापळा जनगणनेचा. गावांची यादी अजून २०११ ची आहे आणि पुढची जनगणना २०२७ ची. चौदा-पंधरा वर्षांत कोकणातल्या कित्येक वाड्यांमध्ये अर्ध्या घरांना कुलूप लागलं. नमुना निवडताना ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी आणि प्रत्यक्ष फेरी, दोन्ही लागतात.

जे आकडे कुठेच छापलेले नसतात त्यांसाठी माहितीचा अधिकार आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज तुकड्यांत करा. महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा महसुली गट) विमाधारक, विमा संरक्षित क्षेत्र, दिलेली भरपाई अशा नेमक्या तक्त्याची मागणी करा, कोरा तक्ता सोबत जोडा. ‘सर्व माहिती मिळावी’ असं लिहिलंत तर ‘माहिती विस्तृत आहे’ हे उत्तर ठरलेलं. आणि अर्ज टाकण्याआधी त्या कार्यालयात जाऊन चहा प्यावा, हा माझा अनुभवाचा सल्ला. निम्मे आकडे संबंधित लिपिक स्वतःहून काढून देतात.

पाचवी पायरी : तुलना कोणाशी?

प्रबंधाचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

धोरणाचा परिणाम म्हणजे धोरण आलं तेव्हा जे घडलं आणि ते आलं नसतं तर जे घडलं असतं, यातलं अंतर. दुसरी गोष्ट कधीच दिसत नाही. तिच्या जागी उभा करता येईल असा तुलना गट शोधणं हे उपयोजित अर्थशास्त्रज्ञाचं खरं कसब. २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल कार्ड, अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना मिळालं ते नैसर्गिक प्रयोगांवरच्या कामासाठी. सरकारच्या, हवामानाच्या किंवा योगायोगाच्या हाताने आखलेली रेघ हाच त्यांचा प्रयोग.

कोकणातली अशी एक रेघ म्हणजे महसूल मंडळाची हद्द. आंबा-काजूचा विमा हवामानावर आधारित आहे. तुमच्या झाडावरचा मोहोर गळला की नाही हे कोणी पाहायला येत नाही. मंडळासाठी ठरलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर अवेळी पाऊस, कमी किंवा जास्त तापमान, वेगाचा वारा ठरावीक मर्यादेपलीकडे नोंदला गेला तरच भरपाई. आता दोन मंडळांच्या हद्दीवरच्या दोन बागा डोळ्यांपुढे आणा. उतार तोच, वारा तोच, थ्रिप्स ही कीडही तीच. एकीला भरपाई, दुसरीला काही नाही. बागायतदाराचं हे गाऱ्हाणं अगदी रास्त आहे आणि संशोधकाला त्यात तुलना गट सापडतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या, एक-दोन किलोमीटरच्या आतल्या बागांची पुढच्या हंगामातली फवारणी, मजूर, कर्ज यांची तुलना करा. हंगामाच्या ऐन अडचणीत आलेल्या पैशाने काय बदललं, ते दिसू लागतं. या पद्धतीला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात.

लगेच हुरळून जायचं नाही. हद्द जर नदीने किंवा डोंगराच्या धारेने गेली असेल तर दोन्ही बाजूंचं हवामान खरंच वेगळं असू शकतं. म्हणून भरपाई सुरू होण्याआधीच्या वर्षांत दोन्ही बाजू सारख्या होत्या का, हे दाखवावं लागतं. एकाच माणसाच्या बागा दोन्ही मंडळांत असतात. विमा घेणारे आणि न घेणारे मुळात वेगळे असतात. त्यातही २०२० च्या खरिपापासून कर्जदारांना विम्याची सक्ती उरली नाही, म्हणजे त्याआधीचा आणि नंतरचा विमाधारक एकाच जातकुळीचा नाही. या प्रत्येक अडचणीवर मी एकेक महिना घालवला. त्यातल्या एकीने माझं आधीचं सगळं विश्लेषण मोडलं आणि ते नव्याने करावं लागलं. तेव्हा रडू आलं होतं, पण प्रबंध उभा राहिला तो त्याच दुरुस्तीवर.

दुसरी लोकप्रिय पद्धत डिफरन्स इन डिफरन्सेस. बाधित आणि अबाधित भागांत आधी-नंतर किती बदल झाला, त्या दोन बदलांमधला फरक काढायचा. निसर्ग चक्रीवादळावर (३ जून २०२०) हा अभ्यास करायला अनेक जण निघतात: श्रीवर्धन-दिवेआगरची सुपारी आडवी झाली, दापोली-मंडणगडला फटका बसला, तळकोकण त्या मानाने वाचलं. म्हणजे सिंधुदुर्ग हा तुलना गट. कागदावर सुरेख. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ त्याच तळकोकणाला झोडपून गेलं, त्यामुळे तुलना गट वर्षभरात बाधित झाला. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पुरात गेलं. आणि निसर्गच्या आधी दोन महिने टाळेबंदी लागून चाकरमानी गावी परतले होते. उत्पन्न घटलं ते वादळाने की मुंबईचा पगार थांबल्याने? एवढ्या गोष्टी एकमेकींवर चढल्या की जिल्हा पातळीवर त्या सुटत नाहीत. गावनिहाय पंचनामे आणि त्याच गावातली बाधित-अबाधित घरं यांच्यापर्यंत उतरावं लागतं. भरपाई हेक्टरी दराने मोजली तर काही गुंठ्यांच्या वाडीला हाती काय येतं, हा स्वतंत्र आणि फार चांगला प्रश्न आहे.

रेघच सापडत नसेल तर कार्यकारणाचा दावा सोडा आणि वर्णन नेमकं करा. रापणीतला (किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या जाळ्यातला) वाटा कसा ठरतो, समुद्र कोणाचा हे गावात कोण ठरवतं, याचं प्रामाणिक वर्णन मोठं काम ठरू शकतं. सामाईक साधनसंपत्ती लोक आपापले नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सहावी पायरी : प्रश्नावली, मापं आणि पंचांग

देवगडकडच्या एका आजोबांना मी पहिल्याच दिवशी विचारलं, पेटीला काय भाव मिळाला? ते शांतपणे म्हणाले, “बाय, पेटी किती डझनाची ता आदी सांग, मगे भाव सांगतंय.” माझ्या प्रश्नावलीत डझनाचा रकानाच नव्हता. चार डझनी, पाच डझनी, त्याहून मोठी, शिवाय फळाच्या वजनाप्रमाणे वेगळी. त्या रात्री प्रश्नावली पुन्हा लिहिली. भाताचंही तसंच: पायली, कुडव, खंडी ही मापं सगळीकडे सारखी नसतात. उत्तर त्यांच्या मापात लिहा आणि त्या गावातलं एक माप स्वतः किलोत मोजून घ्या.

‘वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न विचारूच नका. बागायतदाराकडे दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा लेखी हिशेब, असते. ती पाहायला मागा, वजावटींसकट उतरवून घ्या. मच्छीमाराकडे वाट्याचा हिशेब असतो: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा (होडीच्या म्होरक्याचा), खलाशाचा. डिझेल आणि बर्फ आधी वजा होतो की नंतर, तेही विचारा.

नमुना सातबाऱ्यावरून काढला तर यादीत वारलेले आजोबा आणि विरारचे तीन काका येतील. घटक कोण, ते आधी ठरवा. मी ‘या हंगामात फवारणीचा निर्णय ज्याने घेतला तो’ असं ठरवलं, कारण बाग करारावर दिली असेल तर मालक मुंबईत आणि खर्च कराराने घेणाऱ्याचा असतो. आणि लक्षात असू द्या, एकाच वाडीतले वीस बागायतदार म्हणजे वीस स्वतंत्र साक्षी नव्हेत. त्यांचं पाणी, रस्ता, औषधाचा दुकानदार, सगळं एकच. वाड्या जास्त घ्या आणि प्रत्येक वाडीत माणसं कमी घ्या.

पंचांग तर पक्कं पाहिजे. मार्च ते मे आंबेवाल्याच्या दारात वही घेऊन उभं राहायचं नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पट्ट्या हातात आलेल्या असतात, आकडे ताजे असतात, तेव्हा जा. जुलैत लावणी असते, माणूस चिखलात असतो. मच्छीमार १ जूनपासूनच्या बंदीत घरी जाळी विणत बसलेले भेटतात, निवांत बोलतात. नारळी पौर्णिमेनंतर ते हाती लागणार नाहीत. चाकरमान्यांचा अभ्यास असेल तर गणपती आणि शिमगा हेच दोन मोके. त्यातही गणपतीत मुलाखत घेऊ नका, फक्त फोन नंबर आणि वेळ घ्या. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं.

घरातल्या बाईशी स्वतंत्र बोला. बाग कोणाच्या नावावर आहे ते पुरुष सांगतात. पण बचत गटाचं कर्ज कोणत्या खर्चाला गेलं, ते मला प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात कळलं.

मुलाखतीआधी संमती घ्यावी, तीही समजेल अशा मराठीत किंवा मालवणीत वाचून. मी सरकारची नाही, माझ्यामुळे विमा मिळणार नाही आणि बंदही होणार नाही, हे पहिल्या मिनिटात सांगा. नाव आणि सर्वे नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त कोड. पायलट (प्रश्नावलीची चाचणी फेरी) दुसऱ्याच गावात करा. कागदी फॉर्म पावसाळ्यात दमट होऊन शाई फुटते, म्हणून मोबाइलवरचं कोबो टूलबॉक्स वापरा. ते नेटवर्क नसतानाही चालतं आणि घाटाखाली त्याची गरज पडते.

सातवी पायरी : आकडे घरी आल्यावर

मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत्येक दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये लिहायची, आर किंवा स्टेटा यातलं कोणतंही सांख्यिकी सॉफ्टवेअर चालेल. आर मोफत आहे, म्हणून मी तेच सांगते. एक्सेलमध्ये हाताने केलेली दुरुस्ती सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. प्रमाण त्रुटी (अंदाज किती हलू शकतो त्याचं माप) वाडी किंवा मंडळ पातळीवर क्लस्टर करा, म्हणजे एका वाडीतली माणसं एकच गट धरून काढा, आणि मंडळं मोजकी असतील तर नेहमीची सूत्रं फसवतात, त्यासाठी वाइल्ड बूटस्ट्रॅप ही पुनर्नमुन्याची पद्धत शिकून घ्या. मुख्य प्रश्नाचं उत्तर कोणत्या समीकरणातून काढणार, हे आकडे पाहण्याआधी लिहून मार्गदर्शकाला ईमेल करा. परिणाम शून्य आला तर शून्य लिहा. योजनेने काही बदललं नाही, हे कळणं कृषी खात्यालाही उपयोगाचं असतं.

आठवी पायरी : लिहिणं आणि सादर करणं

रोज पहाटे दीड तास, एवढंच मला जमलं आणि एवढं पुरलं. पद्धतीचं आणि आकडेवारीचं प्रकरण आधी लिहा, प्रस्तावना शेवटी. आता बऱ्याच संस्थांत तीन निबंधांचा प्रबंध चालतो. तुमच्या विद्यापीठात चालत असेल तर तोच घ्या, कारण एकेक निबंध परिषदेत मांडून तपासून घेता येतो. साम्य तपासणीत (दुसऱ्यांच्या लेखनाशी मजकूर किती जुळतो त्या तपासणीत) १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते, हे २०१८ च्या विनियमांत आहे. ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ म्हणणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. आयोगाने आपली केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुमच्यावरच आहे.

मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध वाचतात, मग मौखिक परीक्षा. तिथे हमखास विचारतात: तुमचा तुलना गट खरंच तुलनेचा आहे का? पाचवी पायरी नीट केली असेल तर उत्तर तयार असतं. मला हद्दीवरच्या गावांचा नकाशा भिंतीवर लावून उभं राहता आलं. अर्धा तास चर्चा त्या नकाशावरच झाली.

नववी पायरी : निकाल परत नेणं

पदवी मिळाल्यावर दोन पानांचं मराठी टिपण तयार करा. तक्ते नकोत, एखादा नकाशा आणि चार-पाच वाक्यांत निष्कर्ष पुरे. एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विमा नोंदणीचा हंगाम सुरू होण्याआधी द्या, नंतर दिलेली वाचायला त्यांना सवड नसते. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, एक कॉलेजच्या ग्रंथालयात. आणि ज्या वाड्यांनी तुम्हाला चहा पाजून पट्ट्या दाखवल्या, तिथे देवळात किंवा शाळेत संध्याकाळची बैठक ठेवून वाचून दाखवा. जूनचा पहिला पंधरवडा बरा. वही जवळ ठेवा. त्या बैठकीत माझ्या एका निष्कर्षावर तिघांनी हरकत घेतली आणि त्यातली एक बरोबर होती. हवामान केंद्र मधल्या काळात दुसऱ्या जागी हलवलेलं होतं आणि ते कोणत्याही सरकारी कागदावर मला दिसलं नव्हतं. सध्या मी त्यावरच काम करते आहे.